हँडिकॅप लावून ऐंशी

अख्खी नोकरी मी एकाच प्रश्नाला उत्तर देत काढली. नातेवाईक, दूधवाला, मुलीच्या शाळेतल्या बाई, प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतले झाडून सगळे एकदा तरी विचारून गेले, "इंजिनच नाही म्हणता, मग ते पडत नाही का?" पडतं ना. ग्लायडर वर ओढून नेणाऱ्या दोरातून सुटलं की त्या क्षणापासून खालीच येत असतं, फक्त फार सावकाश येतं. एप्रिल-मेमध्ये नागपूरची जमीन तापली की ठिकठिकाणांहून गरम हवा वर उठते. त्या हवेत शिरून गोल गोल फिरत राहिलं की आपण जितकं पडतो त्याहून जास्त ती आपल्याला वर उचलते. अशा वर उठणाऱ्या हवेला आमच्यात थर्मल म्हणतात. घारी दिवसभर हेच करतात. फरक इतकाच की घारींना परवाना काढावा लागत नाही आणि त्यांच्या आया खाली मैदानात बसून घड्याळ बघत नाहीत.

घड्याळ बघणारी ती मी. शहराच्या दक्षिणेला, वर्धा रस्ता सोडून आत गेलं की एक ग्लायडिंग केंद्र लागायचं. तिथे मी कारकून म्हणून लागले. बाईंचं बीएस्सी गणितात झालंय असं कुणाला तरी कळलं आणि स्पर्धांचं गुणांकन माझ्या गळ्यात पडलं, ते निवृत्तीपर्यंत गळ्यातच राहिलं. मी स्वतः दोनदा वर गेले. दोन्ही वेळा सकाळचे पोहे वर आले, आणि पायलटनं पुन्हा मला बोलावलं नाही. काळजी करायचा स्वभाव माझा लहानपणापासूनचा. केंद्रात मला त्याचा पगार मिळू लागला, एवढंच.

ही शर्यत कशी असते ते सांगते. सकाळी हवा बघून त्या दिवसाचा मार्ग ठरतो. म्हणजे मैदानावरून निघा, उमरेडच्या कोळसा खाणींपर्यंत जा, तिथून पुढे भिवापूरपलीकडच्या एका तलावाला वळसा घाला आणि घरी या. निघायची रेषा दुपारी उघडते. उघडल्यावर केव्हा निघायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. अंतराला वेळेनं भागलं की तुमचा वेग निघतो, आणि ज्याचा वेग जास्त तो पहिला. परत येणं जमलं नाही, वाटेत कुणाच्या वावरात उतरावं लागलं, तर वेगाचे गुण शून्य. कापलेल्या अंतराचे काय ते चार तुकडे मिळतात.

परदेशात म्हणे पंखांच्या लांबीप्रमाणे वर्ग पाडतात. लांब पंखांवाले एका वर्गात, आखूड पंखांवाले दुसऱ्या, जुनी ग्लायडर तिसऱ्या. प्रत्येक वर्ग आपापल्यात झुंजतो. आमच्या स्पर्धेला चार गावांहून मिळून आठ-नऊ ग्लायडर यायची, आणि त्यातली दोन एकसारखी असतील तर शपथ. वर्ग पाडले असते तर प्रत्येक जण आपल्या वर्गात एकटाच धावून पहिला आला असता आणि मला बक्षिसाचे कप कमी पडले असते. म्हणून सगळे एकत्र उडायचे आणि आलेल्या वेगावर मी हँडिकॅप लावायची. नव्या फायबरच्या ग्लायडरचा आकडा एकशे दहा, मधल्यांचा शंभर, जुन्या लाकडीचा सत्तर. प्रत्यक्ष वेगाला शंभरनं गुणायचं आणि या आकड्यानं भागायचं. लाकडीनं ताशी सत्तर किलोमीटर काढले तर हँडिकॅप लावून शंभर. नव्यानं एकशे दहा काढले तरी हँडिकॅप लावून शंभरच, म्हणजे दोघे बरोबरीत. काटोलची एसटी आणि एखादी नवी कोरी कार यांची शर्यत लावायची, आणि मग गाडी कोणाची चांगली हे बाजूला ठेवून ड्रायव्हर कोण चांगला ते शोधायचं, असा हा प्रकार आहे.

यावरून झालेली भांडणं सांगत बसले तर हा अंक पुरायचा नाही. एक निवृत्त साहेब होते, नाव घेत नाही. त्यांनी एका वर्षी माझ्यापुढे मागणी ठेवली की माझं वजन वाढलं आहे, तेव्हा मला सवलत द्या. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की साहेब, जड ग्लायडर सरळ उडताना उलट जास्त जोरात जातं, लोक मुद्दाम पंखांत पाणी भरतात ते त्याचसाठी. त्या हिशेबानं तुमचा आकडा वाढवायला पाहिजे. साहेब पुढे स्पर्धा संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि कँटीनमध्ये त्यांनी जिलबीला हात लावला नाही असंही ऐकलं.

दुसरे एक व्यापारी होते. त्यांचं स्वतःचं नवंकोरं ग्लायडर होतं आणि लाकडी ग्लायडरच्या मागे आपला नंबर लागतो हे त्यांच्या गळी काही केल्या उतरायचं नाही. "मॅडम, मी त्याच्या डोक्यावरून गेलो! एकदा नाही, दोनदा! अन् तो मले खालून हात दाखवून राहिला होता!" मी म्हटलं, "हो, बरोबर आहे. आणि तुम्ही दुसरे आलात." त्यांनी खिशातून स्वतःचा कॅल्क्युलेटर काढून तेच गणित तिथेच पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. तरी त्यांचा संशय कॅल्क्युलेटरवर होता, गणितावर नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं.

हात दाखवणारा तो म्हणजे विलास काळबांडे. काटोलचा माणूस, घरी संत्र्याची बाग. मृगबहाराचा माल निघाला की एसटीनं येताना आमच्यासाठी पिशवीभर संत्री घेऊन यायचा. केंद्रातलं सगळ्यात जुनं, लाकूड आणि कापडाचं ग्लायडर तोच उडवायचा. त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. म्हातारीच्या कापडाला ठिगळ लावणं, फळ्यांना वार्निश मारणं, सगळं तो स्वतः करायचा. मी त्याला विलासभाऊ म्हणायची, तो मला मॅडम.

आता हँडिकॅपची एक गोम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. हे आकडे ठरवले आहेत ते वारा पडलेला आहे असं समजून. समोरून वारा सुटला की तो सगळ्यांचा वेग सारखाच खातो, पण ज्याचा मुळात कमी त्याच्या ताटात मग काही उरत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी मला नेहमी म्हातारीची काळजी. विलासभाऊ परत येईपर्यंत मी चहा घ्यायची नाही. ही भीती नुसती बाईमाणसाची नव्हती. फार वर्षांपूर्वी आमचा एक चांगला पायलट अगदी मैदानाच्या तोंडाशी येऊन पडला होता. मैदान समोर दिसतं, वेगाचे गुण समोर दिसतात, उंची जेमतेम असते, आणि डोळा सांगतो की पोचतंय. बहुतेकदा पोचतंही. त्या दिवशी नाही पोचलं. कुंपणाशी ग्लायडर मोडलं आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. तो जगला, काठी घेऊन चालायला लागला, आणि पुढे कित्येक वर्षं स्पर्धेला येऊन खुर्चीत बसायचा. मी फळ्यावर आकडे लिहिताना मला त्याची काठी दिसत राहायची.

आणि आमच्याकडे एक प्रथा होती, आकडा वाचायची. दुपारी पहिलं ग्लायडर उतरलं की वर असलेले बाकीचे रेडिओवर नुसता गलका करायचे. कोण आलं? किती आला? उतरणाऱ्याला वाट मोकळी आहे का हे विचारायलासुद्धा रेडिओ मोकळा मिळेना. तेव्हा असं ठरलं की मॅडम एकदाच आकडा वाचतील आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग मी माइक हातात घेऊन आकाशवाणीच्या थाटात वाचायची: नाव, वेग, हँडिकॅप लावून वेग. परदेशातल्या नियमात हे बसत असेल-नसेल, आमच्यात मस्त बसलं होतं. लोक म्हणायचे मॅडमचा आवाज काय खणखणीत आहे! मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी प्रज्ञा याच मैदानावर वाढली. मी ज्या गोष्टीनं दोनदा ओकले, तीच तिनं पहिल्याच वेळी पुन्हा मागितली. आमचे हे रेल्वेत होते, रुळांवर चालणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास. पोरगी हवेत जाते म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "काहून?" तिनं सांगितलं, "वर बरं वाटते, पप्पा." ती शिकली, परवाना मिळाला, चांगली उडवायला लागली, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी केंद्रानं आपलं एकुलतं एक नवं फायबरचं ग्लायडर स्पर्धेसाठी तिला दिलं. शेपटीवर नंबर अकरा, माझ्या तक्त्यात आकडा एकशे दहा.

शेवटच्या दिवसाच्या सकाळी पहिल्या दोन नंबरांवर प्रज्ञा आणि विलासभाऊ होते, आणि दोघांत अंतर असं नव्हतंच. जो त्या दिवशी वरचढ ठरेल तो स्पर्धा जिंकणार. लोकांनी मला चिडवून घेतलं. पोरीचं गणित पोरीच्या आईच्या हातात, म्हणे. मी म्हटलं, सगळी गणितं फळ्यावर करीन, डोळे उघडे ठेवा.

मार्ग तोच, उमरेड, भिवापूरपलीकडचा तलाव आणि घर. रेषा उघडल्याबरोबर विलासभाऊ निघाला. हळू ग्लायडरवाल्याला लवकर निघावंच लागतं, त्याला दिवस पुरत नाही. जाताना म्हणाला, "मॅडम, ऊन चढायची वाट पाहत बसलो तं मले संध्याकाळ होऊन जाईन. म्हातारी आज खूश आहे, मी चाललो."

प्रज्ञा खुर्चीत पाय लांब करून बसली होती. मी तिला हळूच म्हटलं, "तू काहून नाही निघत वं?"

"आत्ता निघून काय करू? खरे थर्मल दोन वाजता लागतात. आई, तू फळा लिही. मले नको शिकवू."

तिचं बरोबर होतं. वेगवान ग्लायडरवाले दिवसाचा सगळ्यात तापलेला तुकडा राखून ठेवतात. सगळेच तसं करतात. ती निघाली तेव्हा वर कापसासारखे ढग होते आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी खांबाला लोंबत होती.

तीनच्या आत म्हातारी आली. मैदानावर एक चक्कर मारून अलगद टेकली. विलासभाऊ घामानं न्हालेला, हसत बाहेर आला. मी गणित केलं. वेग छप्पन्न. सत्तरनं भागून शंभरनं गुणलं, ऐंशी. म्हातारीला त्या दिवशी ऐंशी म्हणजे अफाट होतं. टाळ्या वाजल्या. मी माइक उचलला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "विलास काळबांडे, छप्पन्न. हँडिकॅप लावून ऐंशी."

क्षणभर खरखर झाली. मग प्रज्ञाचा आवाज आला, "अकरा नंबर. ऐकलं."

बस, एवढंच. मी माइक खाली ठेवला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उलटं गणित सुरू झालं, जे तिच्याही डोक्यात सुरू झालं असणार. ऐंशी गुणिले एकशे दहा भागिले शंभर. अठ्ठ्याऐंशी. जिंकायला तिला अठ्ठ्याऐंशीच्या वर पाहिजे. इतकी वर्षं मला वाटायचं की हँडिकॅप ही हळू माणसाला दिलेली सवलत आहे. वेगवान माणसाच्या पाठीवर तो चाबूक आहे हे मला त्या दिवशी, माझी मुलगी वर असताना, समजलं.

पाच-दहा मिनिटांत पश्चिमेकडून वारा आला. आधी धूळ उठली, मग वाऱ्याची पिशवी ताठ झाली. वर कुठून तरी पातळ ढगाचा पडदा सरकला आणि उन्हाचा जोर गेला. उन्हाचा जोर गेला म्हणजे थर्मल मेले. प्रज्ञा पूर्वेला होती. तिला घरी यायचं होतं ते या वाऱ्याच्या तोंडात, मरत्या हवेतून, आणि डोक्यात अठ्ठ्याऐंशी घेऊन. आणि तलाव नि उमरेड यांच्यामध्ये जंगल आहे, तिथे उतरायला काही नाही, नुसती झाडं.

एक-एक करून बाकीचे आले, नाहीतर त्यांचे फोन आले. हा या गावच्या वावरात, तो त्या गावच्या शाळेच्या मैदानात. मी फळ्यावर लिहीत गेले. अकराच्या पुढची जागा रिकामी. मी रेडिओवर हाक मारली, "अकरा नंबर, अकरा नंबर, मैदान." उत्तर नाही. ग्लायडर खाली आलं की लांबचा रेडिओ पोचत नाही, हे मी आजवर किती बायकांना, किती आयांना समजावून सांगितलंय. स्वतःला सांगायला गेले तर पटेना.

घरून ह्यांचा फोन आला. "आली का वं ती?"

"येऊन राहिली," मी म्हटलं.

"म्हणजे दिसून राहिली का?"

"तुम्ही चहा घ्या," असं म्हणून मी फोन ठेवला. नवऱ्याशी मी क्वचितच खोटं बोलते आणि ते त्यांना लगेच कळतं.

विलासभाऊ म्हातारीला झाकायचं सोडून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मान वर करून पूर्वेला बघत होता. मला म्हणाला, "कोळशाच्या ढिगावर फिरत असेन, मॅडम. खाणीवरचा काळा ढीग लवकर थंड होत नाही. तिले माहीत आहे ते." मी मान हलवली. ढिगावर यायला आधी जंगल ओलांडावं लागतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "मॅडम, आपके लिये प्री-अप्रूव्ड क्रेडिट कार्ड..." मी तिला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. बिचारीचा काय दोष! ती कुठे असेल तिथून तिनं मला माफ करावं.

आमचा नियम असा होता की शेवटचं ग्लायडर यायची वेळ टळून गेल्यावर ठरलेला वेळ वाट बघायची आणि मग पोलीस आणि विमानतळ दोघांना कळवायचं. एकदा कळवलं की शोध सुरू होतो, गाड्या निघतात, गावोगाव फोन जातात, वर्तमानपत्रवाले येतात. केव्हा कळवायचं ते गुणलेखिकेनं, म्हणजे मी, सांगायचं. मुख्य प्रशिक्षक जोशी सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल तेव्हा." फार भला माणूस. पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला. मी सांगायचं म्हणजे काय? लवकर सांगितलं तर लोक म्हणतील, पोरगी स्वतःची आहे म्हणून घाबरली. मी बसून राहिले. टेबलावरची पेन सरळ केली, पुन्हा वाकडी केली. मला रडू येत होतं आणि सगळ्यांदेखत रडायची लाज वाटत होती, हे खरं आहे. वारा फळ्यावरची खडूची भुकटी उडवत होता.

विलासभाऊ खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन वर्षांमागं मी आलो नव्हतो, तवा तुम्ही एवढा वेळ थांबल्या होत्या का?"

"नाही."

"तवा तं तुम्ही वेळ व्हायच्या आधीच सरले फोन करायले लावला होता. मी येऊन जेवत बसलो तरी पोलीस मले शोधून राहिले होते. मग तिच्या वेळेस काहून थांबल्या?"

मी त्याच्याकडे बघितलं. पहिल्या नंबरावर त्याचं नाव होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. मी उठले आणि म्हटलं, "सर, करा फोन."

जोशी सर नंबर लावत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. पुन्हा अनोळखी नंबर. मी कानाला लावला.

"हॅलो? हॅलो? हां, ते तुमची विमानवाली पोरगी आमच्या वावरात हाय. घ्या, बोला."

आमच्या पायलटांना शिकवलेलं असतं की कुठेही उतरलात तरी आधी चार गोष्टी सांगायच्या: नंबर, जागा, ग्लायडर, पायलट. समोर आई असो की मंत्री. प्रज्ञानं तसंच केलं.

"अकरा नंबर. भिवापूरजवळ, जंगलाच्या पूर्वेला, कापसाची पऱ्हाटी काढलेलं वावर. ग्लायडर ठीक."

आणि थांबली. मीही शिकवल्याप्रमाणे पुढचं विचारलं. माझा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"पायलट?"

"पायलटले भूक लागली, आई."

मी खुर्चीत बसले. जोशी सरांनी फोन ठेवला. विलासभाऊनं माझ्या हातातून माझा फोन घेतला, आमच्या ह्यांना लावला आणि म्हणाला, "साहेब, पोरगी खाली आहे, मस्त आहे. आता मॅडमच्या सांगण्यावर नका जाऊ, मी सांगून राहिलो ना."

शेतात उतरलेलं ग्लायडर पंख काढून लांबलचक ट्रेलरवर घालून आणावं लागतं. गुणलेखिकेनं जायचं काही कारण नसतं. मी पहिल्यांदाच गेले, केंद्राच्या जीपमधून, चालवायला विलासभाऊ, ट्रेलर मागे खडखडत. तोंडानं मी त्याला सांगत होते की आता आकडा वाचायची प्रथा बंद, मी मेले तरी माइक हातात धरणार नाही. तो नुसता हो हो करत होता. मी निवृत्त होईपर्यंत तो शब्द पाळला. लोकांनी कुरकुर केली, करू देत.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य जंगलाकडे उतरला होता. निम्मं गाव वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलेलं. पांढरं ग्लायडर मातीत एका पंखावर कलून शांत बसलेलं, आणि निंबाच्या झाडाखाली माझी मुलगी हातावर भाकर घेऊन, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा. वावराची मालकीण तिला आणखी एक भाकर वाढत होती आणि म्हणत होती, "खा वं माय, एवढ्या दुरून आली."

मी तिच्याजवळ जाऊन मातीतच बसले. तिचा डावा हात धरला. आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही झालं." ती घास चावत होती. "तू आकडा वाचला ना, मी हिशोब केला. अठ्ठ्याऐंशी. मग एक बी थर्मलमधी थांबली नाही. कमजोर होते, म्हटलं यात वेळ कोण घालवते? अन् मग पाहिलं तं समोर जंगल, अन् उंची एवढीच." तिनं बोटांनी दाखवली. "पलीकडं उमरेडचा ढीग दिसून राहिला होता, आई. एकदम समोर. निघून जाईन असं वाटत होतं."

"मग?"

"मग वाटलं, नाही निघालं तं?" तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "म्हणून मागं वळली. हे वावर पाहून ठेवलं होतं येताना."

कुंपणाशी पडलेल्या त्या माणसाची काठी डोळ्यांपुढे आली आणि गेली. बाया आमच्याकडे बघत होत्या, पोरं ग्लायडरच्या काचेला नाक लावत होती, विलासभाऊ पंखाचे खिळे काढायला लागला होता. प्रज्ञानं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"आई, माझा वेग किती आला?"

"शून्य."

"अन् हँडिकॅप लावून?"

"हँडिकॅप लावून बी शून्य."

ती हसायला लागली. ठेचा नाकात गेला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसत राहिली, आणि मग मीही हसले आणि हसता हसता मला जे रडू फुटलं ते आवरेना. विलासभाऊ पंख ट्रेलरवर चढवायला हाका मारत होता. त्यानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. प्रज्ञा म्हणाली, "आई, हात सोड ना आता." मी सोडला नाही.